सप्ताह आणि साखळी

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्याच्या फाटकावर एक कापडी फलक लागतो. वर मोठ्या अक्षरांत 'मानसिक आरोग्य सप्ताह' आणि खाली सूचना : पुरेशी झोप घ्या, रोज चाला, व्यसनांपासून दूर राहा, मन मोकळे करा, मदत मागायला लाजू नका. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, शाळेतली मुले फेरी काढतात, एखादे डॉक्टर भाषण करतात. दिवाळीच्या खरेदीची गर्दी सुरू होईपर्यंत तो फलक एका बाजूने सुटून लोंबत असतो.

त्या सूचनांत चुकीचे काही नाही. मी स्वतः त्या पाळायचा प्रयत्न करतो, आणि त्यांचा उपयोग होतो हेही मान्य करतो. तरीही फलक वाचताना दरवेळी मला माझा नानामामा आठवतो. यातली एकही गोष्ट त्याला एकट्याने जमली नसती.

हा सप्ताह कुठून आला, तो प्रथम कोणाला सुचला, असा प्रश्न मला पडला तो या मामामुळे. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पोस्टात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात जुनी पुस्तके गोळा केली. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात क्लिफर्ड बिअर्स या अमेरिकन माणसाचे आत्मकथन चाळीस रुपयांना मिळाले, आणि तिथून एक धागा हाती लागला. तो जसा उलगडत गेला तसा इथे मांडतो.

न्यू हेवनचा कारकून

बिअर्सचा जन्म १८७६ सालचा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावचा. १८९७ साली तो येल विद्यापीठातून पदवीधर झाला आणि नोकरीला लागला. कॉलेजात असतानाच त्याच्या थोरल्या भावाला फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. आज भावाला झाले ते उद्या आपल्याला होणार, ही भीती क्लिफर्डच्या मनात शिरली ती निघेना. त्याने ती कोणापाशी बोलून दाखवली नाही. कामावर जात राहिला, हसत राहिला. जून १९०० मध्ये त्याने घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून स्वतःला खाली सोडले. पायांची हाडे मोडली, जीव वाचला.

पुढचे वाचताना मी थबकलो. इस्पितळातल्या खिडकीचे गज पाहून त्याची खात्री पटली, की आपण आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून आपल्यावर खटला भरला जाणार आहे आणि भोवतीची माणसे पोलिसांची आहेत. भेटायला येणारा भाऊसुद्धा भाऊ नव्हे, त्याच्या रूपातला गुप्तहेर आहे. मग बोलणेच बंद. दोन वर्षांहून अधिक काळ तो माणूस जवळजवळ मुका राहिला.

या काळात त्याला कोणी सूचना दिल्या नसतील असे नाही. खा, झोप, बाहेर फिरून ये, काळजी करू नकोस, असे सगळेच म्हणाले असणार. पण सांगणाऱ्यावरच विश्वास नसेल तर सांगितलेले पोचणार कसे?

पत्र

त्याची सुटका झाली ती एका पत्राने. मी पोस्टातला माणूस, म्हणून या प्रसंगाचे मला विशेष वाटत असेल. पण बिअर्सनेही त्याला मोठे महत्त्व दिले आहे.

त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या एका रुग्णाशी त्याचे थोडेफार बोलणे होऊ लागले होते. येणारा माणूस खरा भाऊ आहे की तोतया, हे पडताळून पाहता येईल, अशी वाट त्या रुग्णाच्या मदतीने निघाली. बिअर्सने भावाला पत्र लिहिले : पुढच्या वेळी येशील तेव्हा हेच पत्र पारपत्र म्हणून सोबत आण. रुग्णालयातल्या कोणाच्या हाती न पडता ते टपालात गेले. हिशेब साधा होता. पत्र भावाच्या खऱ्या पत्त्यावर गेले आणि येणाऱ्याच्या हातात तेच दिसले, तर तो भाऊच.

३० ऑगस्ट १९०२ रोजी भाऊ आला. त्याच्या हातात ते पत्र होते. बिअर्सने लिहिले आहे की त्या क्षणी त्याचे मन पुन्हा जागेवर आले.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. पण आजार असा सरळ चालत नाही. खिन्नतेच्या जागी आता उन्माद आला. तो अखंड बोलू लागला, लिहू लागला, चित्रे काढू लागला, जगातली सगळी वेड्यांची इस्पितळे सुधारण्याच्या योजना आखू लागला. परिचारकांशी खटके उडाले. हात जखडणाऱ्या अंगरख्यात त्याला तासन्तास बांधून ठेवले गेले, मारहाण झाली, थंड कोठडीत डांबले गेले. पुढे त्याला सरकारी रुग्णालयात हलवले तेव्हा तिथल्या सर्वांत वाईट कक्षात काय चालते हे पाहण्यासाठी तो मुद्दाम तिथे जाऊन पडला. तिथूनच त्याने राज्याच्या गव्हर्नरला लांबलचक पत्र लिहून पाठवले. १९०३ साली तो घरी परतला. त्याचे आत्मकथन १९०८ साली प्रसिद्ध झाले आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने त्याची पाठराखण केली. त्याच वर्षी बिअर्सने आपल्या राज्यापुरती, आणि १९०९ साली सगळ्या देशासाठी, 'मेंटल हायजिन' म्हणजे मनाच्या आरोग्यासाठी संस्था उभी केली. आजचे सप्ताह, दिन, फलक यांचे मूळ त्या चळवळीत आहे.

एका शब्दाची दोन टोके

'मेंटल हायजिन' हा शब्द बिअर्सला सुचवला मानसोपचारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी. काळ लक्षात घेतला पाहिजे. कॉलरा, क्षय, विषमज्वर यांच्यावर शुद्ध पाणी, गटारे आणि हात धुण्याची सवय यांनी लगाम घालता येतो, हे नुकतेच सिद्ध होत होते. शरीराला स्वच्छता आहे, तशी मनालाही का असू नये? या एका प्रश्नामुळे वेडाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. दैव, पाप, खानदानाचा डाग यांच्या जागी टाळता येण्यासारखा, बरा होण्यासारखा आजार आला. हे त्या शब्दाचे मोठे देणे आहे.

पण त्याच शब्दाचे दुसरेही टोक होते. स्वच्छता ही ज्याची त्याची जबाबदारी मानली, की अस्वच्छ राहणारा दोषी ठरतो. मनाचे तसेच झाले. या चळवळीतली काही मंडळी त्या काळच्या सुजननवादाच्या नादी लागली आणि दुबळ्या मनाच्या माणसांना मुले होऊ नयेत असे म्हणू लागली. तो जोर ओसरला. मात्र 'तुमचे मन, तुमची जबाबदारी' हा सूर राहिला. आपल्या फलकावरच्या आज्ञार्थी क्रियापदांत तो अजून ऐकू येतो : झोपा, चाला, बोला, मागा.

स्वतः बिअर्सची कहाणी या सुरात बसत नाही. १९०५ साली मन पुन्हा उधळते आहे असे दिसताच तो आपणहून रुग्णालयात दाखल झाला. पुढे तीस-पस्तीस वर्षे देशोदेशी काम केले. १९३० साली वॉशिंग्टनमध्ये या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. आणि १९३९ साली तो पुन्हा आपणहून एका मनोरुग्णालयात गेला. १९४३ साली तिथेच त्याचा मृत्यू झाला. मनाचे आरोग्य जपा असे जगाला सांगणारा माणूस मनाच्या आजारातच गेला. त्यावरून त्याची शिकवण फोल ठरवणे मला पटत नाही. मधुमेहाच्या डॉक्टरला मधुमेह झाला तर आपण पथ्य खोटे म्हणत नाही.

साखळ्यांची घंटा

बिअर्सच्या पश्चात या कामाला हात लागले ते अनपेक्षित माणसांचे. दुसऱ्या महायुद्धात ज्या तरुणांनी सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र हाती धरायला नकार दिला, त्यांतल्या सुमारे तीन हजारांना पर्यायी सेवा म्हणून अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत परिचारक म्हणून धाडले गेले. उघडेनागडे रुग्ण, बांधलेले हातपाय, शेकडो माणसांमागे एखाद-दुसरा परिचारक हे त्यांनी पाहिले, टिपून ठेवले आणि बाहेर सांगितले. १९४६ साली 'लाइफ' साप्ताहिकाने ते छायाचित्रांसह छापल्यावर अमेरिकन वाचक हादरला. या तरुणांनी स्थापलेली संस्था आणि बिअर्सची संस्था १९५० साली एकत्र आल्या. मे महिन्यात मानसिक आरोग्य सप्ताह पाळण्याची प्रथा तिथे १९४९पासून सुरू झाली होती.

एकत्र झालेल्या या संस्थेने देशभरच्या मनोरुग्णालयांना आवाहन केले : तुमच्याकडच्या जुन्या साखळ्या आणि बेड्या आम्हाला पाठवा. ढिगाने लोखंड जमा झाले. एप्रिल १९५३ मध्ये बाल्टिमोरच्या ओतशाळेत ते वितळवून तीनशे पौंडांची, म्हणजे सुमारे १३६ किलोची घंटा ओतली गेली. ज्यांनी माणसे बांधली त्याच लोखंडातून आता आशेचा नाद निघेल, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर कोरला आहे.

पुढे १९९२पासून १० ऑक्टोबर हा जागतिक दिन झाला. ब्रिटनमध्ये २००१पासून मे महिन्यात सप्ताह पाळतात. २००८ साली, बिअर्सच्या पुस्तकाला शंभर वर्षे झाली तेव्हा, तिथल्या एका अभ्यासगटाने मनाच्या स्वास्थ्यासाठी पाच गोष्टी सुचवल्या : माणसांशी जोडलेले राहा, हालचाल करा, भोवताली लक्ष द्या, शिकत राहा, देत राहा. आज जगभरच्या सप्ताहांत याच पाच गोष्टी वेगवेगळ्या शब्दांत फिरतात. त्या ठीकच आहेत. बिअर्सला कोठडीत चित्रकलेने तगवले, लिहिण्याने तगवले, आणि पुढे दुसऱ्यांसाठी केलेल्या कामाने. पण क्रमाने पहिली गोष्ट पाहा. जोडलेले राहायला दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागते. भाऊ आलाच नसता, तर ते पत्र पोचून काय उपयोग होता?

आपल्याकडे

आपल्याकडच्या साखळ्या वितळायला फार वेळ लागला. १९१२चा वेड्यांसंबंधीचा ब्रिटिश कायदा १९९३पर्यंत चालू होता. वेडा माणूस म्हणजे न्यायाधीशापुढे उभा करून आदेशाने आत टाकायचा माणूस, हा त्याचा पाया. १९२०च्या सुमारास 'असायलम'च्या पाट्या जाऊन 'मेंटल हॉस्पिटल'च्या आल्या, भिंती त्याच राहिल्या. १९४६च्या भोर समितीपुढे जो अहवाल आला, त्यानुसार देशातल्या १९ मनोरुग्णालयांत मिळून १०,१८१ खाटा होत्या. म्हणजे साधारण चाळीस हजार माणसांमागे एक. महाराष्ट्रात आजही ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार नावे घेतली, की प्रादेशिक मनोरुग्णालयांची जुनी यादी पुरी होते. या गावांची नावे आपण चेष्टेत कशी वापरतो हे वाचकांना सांगायला नको.

आणि गुन्हा नसताना केवळ मनोरुग्ण म्हणून तुरुंगात ठेवलेली माणसे? त्यांच्यासाठी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९३ साली न्यायालयाने ही पद्धत बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवली. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या २८ रुग्णांना पळता आले नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अखेर लिहून ठेवले, की कोणत्याही रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असेही त्यात आहे. तो कायदा मे २०१८मध्ये लागू झाला. दंडसंहितेतले जुने ३०९ कलम, ज्यात अशा प्रयत्नाला वर्षभरापर्यंत कैद होती, ते जुलै २०२४मध्ये नव्या संहितेबरोबर गेले. बिअर्सला १९०० साली जी भीती वाटली, तिला आपल्या कायद्यात सव्वाशे वर्षे आधार होता.

पण आपल्याकडे एक गोष्ट घडली जिचा अभिमान वाटावा. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावले. आई, भाऊ, बायको रुग्णासोबत राहत, उपचार पाहत, डॉक्टरांचे बोलणे ऐकत आणि रुग्णाला घेऊन घरी जात. पाश्चात्त्य रुग्णालये ज्या नातेवाइकांना फाटकाबाहेर थांबवत, त्यांनाच इथे आत जागा मिळाली. आपल्या मुक्तांगणनेही १९८६मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम सुरू केले ते व्यसनी माणसासाठी. पण लवकरच रुग्णांच्या बायकांचा 'सहचरी' गट उभा राहिला. २००४चा 'देवराई' चित्रपट पाहिलेल्यांना आठवेल, की त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीणही मध्यवर्ती आहे. तो पाहताना मला आई दिसत होती.

नानामामा

नानामामा आईचा धाकटा भाऊ. गाव सातारा जिल्ह्यातले. विशीत त्याला आवाज ऐकू येऊ लागले. पोलीस आपल्या मागावर आहेत असे तो म्हणायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना एका सुगीत आजोबांनी त्याला बैलाच्या साखळीने पडवीच्या खांबाला बांधलेले मी पाहिले. सगळ्यांना रानात जायचे होते आणि आदल्या दिवशी तो विहिरीच्या काठावर सापडला होता. आजोबा दुष्ट नव्हते. बांधून झाल्यावर ते स्वतः जेवले नाहीत. पहाऱ्याला दुसरे माणूस असते तर साखळी लागली नसती, एवढे मला आज कळते.

पुढे त्याला लांबच्या शहरात एका रुग्णालयात ठेवले. आई महिन्यातून एकदा एस.टी.ने जायची. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि घरचा पत्ता लिहिलेली दोन पोस्टकार्डे. ती त्याच्या हातात देऊन यायची. त्यातले एखादे टपालातून परत यायचे, बहुतेक वेळा कोरेच. आई ते उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "हाय बरा."

१९९६ साली आईचे गुडघे गेले. तिने पिशवी माझ्या हाती दिली. "आता तू जात जा." मी सात वेळा गेलो. मग बदली, मुलांच्या शाळा, घराचे बांधकाम. आई विचारायची, मी "पुढच्या महिन्यात" म्हणायचो. पोस्टकार्डे विकणाऱ्या माणसाकडून दोन पोस्टकार्डे नेऊन दिली गेली नाहीत. १९९९मध्ये तो गेल्याचे कळले ते कळवणाऱ्याच्या दोन ओळींच्या पत्राने. त्याची पेटी आणायला गेलो तेव्हा तिच्यात आईच्या अक्षरातले एक जुने कार्ड होते, पत्ता लिहिलेले. मी गेलो असतो तर तो जगला असता असे मी म्हणत नाही. आजार मोठा होता. पण पाळी माझी होती आणि मी ती सोडली.

पहारा

आपल्या भाषेत 'सप्ताह' हा शब्द सरकारी फलकाच्या कितीतरी आधीचा आहे. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला आणि महाप्रसाद. उठण्याची वेळ ठरलेली, जेवण पंगतीत, दिवसभर टाळ आणि पावलांची हालचाल. झोप, हालचाल, माणसांची सोबत, शिकणे, देणे या पाचही गोष्टी तिथे आपोआप होतात, कोणाला सूचना द्यावी लागत नाही. सप्ताहाने मनाचा आजार बरा होतो, असा दावा मी करणार नाही. आजाराला औषध लागते, डॉक्टर लागतो, आणि 'देवाधर्माने होईल बरे' म्हणत आमच्या घरानेही मोलाची वर्षे घालवली.

मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली टेकू द्यायची नसते. एक माणूस सात दिवस वीणा घेऊन उभा राहूच शकत नाही, हे गावाला ठाऊक असते. म्हणून पहारे लावतात. नावे आणि वेळा फळ्यावर लिहिलेल्या असतात. रात्री दोन ते चारचा पहारा असलेला माणूस हातपाय धुऊन वेळेवर येतो आणि आधीच्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो. कोणी आला नाही तर आधीचा उभाच राहतो, आणि गावात त्याची चर्चा होते.

आजारी मनाच्या माणसाला सांभाळणाऱ्या घरात बहुतेक वेळा एकच माणूस उभा असतो. आई, बायको, बहीण. वर्षानुवर्षे. त्यांच्या नावासमोर फळ्यावर दुसरे नाव नसते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्या वेळी त्रस्त आढळले आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. एवढ्या माणसांना पुरतील इतके डॉक्टर लवकर होणार नाहीत. पहारेकरी मात्र होऊ शकतात.

म्हणून यंदा मी दवाखान्यातल्या बाईंना भेटलो आणि फलकावर दोन ओळी वाढवायची विनंती केली. एक, शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक. तो १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, पण आमच्या गावात फारसा कोणाला माहीत नव्हता. दुसरी ओळ अशी : 'तुमच्या गल्लीत कोणी असा रुग्ण सांभाळत असेल, तर या आठवड्यात दोन तास त्याच्यापाशी बसा आणि सांभाळणाऱ्याला झोपू द्या.' बाईंनी ती वाचली, थोडा विचार केला, आणि जागा कमी आहे म्हणून 'व्यसनांपासून दूर राहा'च्या खाली बारीक अक्षरांत लिहून घेतली.

शेजारच्या आळीत एक काकू आपल्या मुलाला चौदा वर्षे सांभाळत आहेत. गुरुवारी दुपारी दोन ते चार हा पहारा आता माझा आहे. तो बोलत नाही. आम्ही पत्ते खेळतो.